ताम्रपटाची कडी आणि तिचा सांधा

ताम्रपट प्रसिद्ध करण्याची आपल्याकडील रीत आतां ठरून गेली आहे. प्रथम पत्र्यांची संख्या व माप, मग वाचन, मग अर्थ, शेवटीं वंशावळ व तिथीची चर्चा. यांत कडीच्या वांट्यास बहुधा एकच वाक्य येतें: पत्रे कडींत ओंवलेले असून कडीवर मुद्रा आहे. कित्येक लेखांत तेंहि नसतें. कडी कोणत्या धातूची, तिचीं टोकें कशानें जोडलेलीं, तो सांधा मूळचा कीं मागाहून दिलेला, आणि वाचनासाठीं कडी कोणीं व केव्हां तोडली, यांविषयीं वाचकास अवाक्षर सांपडत नाहीं. एका काना-मात्रेवरून चार चार पृष्ठें वाद घालणाऱ्या संशोधकमंडळीनें लेखाच्या या अंगाकडे पाठ फिरवावी, हें आम्हांस दोषास्पद वाटतें. त्या दोषाचाच येथें विचार करावयाचा आहे.

कडी ही केवळ पत्रे सुटूं नयेत म्हणून केलेली सोय नव्हे. दानशासन पटावर किंवा ताम्रपट्टावर लिहवून तें राजानें आपल्या मुद्रेनें चिन्हित करावें, असें याज्ञवल्क्यानें आचाराध्यायांत सांगितलें आहे. परंतु अनेक पत्र्यांच्या शासनांत प्रत्येक पत्र्यावर मुद्रा नसते. पत्र्यांस भोंक पाडून कडी ओंवावी, तिचीं दोन्ही टोकें मुद्रेच्या खोबणींत बसवावीं आणि तेथें वितळलेल्या धातूनें सांधा पक्का करावा, म्हणजे एकच मुद्रा सर्व पत्र्यांची साक्षी होते. सांधा अभंग आहे तोंपर्यंत एक पत्रा काढतां येत नाहीं व दुसरा घालतां येत नाहीं. कागदावर जें काम शिक्कामोर्तबाचें, तेंच येथें सांध्याचें.

ही सावधगिरी निष्कारण नव्हती. खोटीं राजशासनें करणारांस मनूनें वधदंड सांगितला आहे. सन ६३१ मधील हर्षाच्या मधुबन ताम्रपटांत, कूटशासनाच्या आधारें उपभोगिलेलें गांव काढून घेऊन तें शासन मोडल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. याहून बोधप्रद उदाहरण समुद्रगुप्ताच्या नांवानें असलेल्या गयेच्या ताम्रपटाचें. फ्लीट यांनीं १८८८ सालच्या गुप्तलेखसंग्रहांत तो बनावट ठरविला. मुद्रा मात्र खरी असून दुसऱ्या एखाद्या पत्र्यावरून काढलेली असावी, असा तर्क केला. त्या ताम्रपटाविषयीं पुढें मतभेद झाले, ते असोत. खरी मुद्रा खोट्या लेखास जोडली जाऊं शकते एवढें मान्य केलें कीं, निर्णयाचें स्थान अक्षरांइतकेंच सांध्यांतहि आहे हें ओघानेंच आलें. म्हणूनच कडीची जाडी, तिचा व्यास आणि आपल्या हातीं येण्यापूर्वीं ती तोडलेली होती कीं नाहीं, हें फ्लीट नोंदवीत असत. त्यांच्या वाचनांवर आम्हीं पुष्कळ टीका केली. त्यांची ही शिस्त मात्र उचलली नाहीं.

आतां सांध्याच्या विद्येकडे वळूं. छांदोग्योपनिषदाच्या चौथ्या अध्यायांतील सतराव्या खंडांत, यज्ञांतील वैगुण्य व्याहृतींनीं कसें भरून काढावें हें सांगतांना कारागिराचे दृष्टांत आले आहेत. लवणानें सोनें, सोन्यानें रुपें, रुप्यानें कथील, कथलानें शिसें, शिशानें लोह व लोहानें लांकूड सांधावें, असा तो क्रम आहे. येथें लवण म्हणजे खाण्याचें मीठ नव्हे. शंकराचार्यांनीं भाष्यांत टंकणादि क्षार असा अर्थ दिला आहे. हा टंकण म्हणजेच सोनाराची सवागी. ती तापलेल्या धातूवरील मळ विरघळविते, म्हणून वितळलेला धातु तेथें धरतो. नुसतें 'मीठ' असें भाषांतर करून पुढें जाणारे या दृष्टांताचा प्राणच घालवितात.

उलट, याच वचनावरून आजचें सर्व वेल्डिंग आपल्या पूर्वजांस अवगत होतें असें प्रतिपादन करणारेहि आहेत. तेंहि ग्राह्य नाहीं. येथें एका धातूनें दुसरा सांधण्याची, म्हणजे डाक-झाळीची गोष्ट आहे. दोन कांठ स्वतः वितळवून एकरूप करण्याची नाहीं. कथील २३२ व शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडास वितळतें, तांब्यास १०८५ अंश लागतात. म्हणूनच मवाळ डाक देतांना तांबें जसेंच्या तसें राहतें. पितळी झाळीस उष्णता पुष्कळ अधिक लागते, परंतु तेथेंहि वितळते ती झाळच.

लोहाराचा प्रकार तिसरा. तो लोखंड न वितळवितां, लालपांढरें तापवून घणानें एकजीव करतो. दिल्लीचा सुमारे ७.२ मीटर उंचीचा व सहा टनांहून अधिक वजनाचा गुप्तकालीन लोहस्तंभ असाच घडविलेला आहे. विजापूरची २१ फूट ७ इंच लांबीची लांडा कसाब तोफहि लोखंडाच्या उभ्या पट्ट्यांवर कड्या चढवून केलेली आहे. १५४९ मधील मलिक-इ-मैदान मात्र कांशाची ओतीव. असें असतां आमच्याकडे दिसेल ती मोठी तोफ 'पंचधातूची ओतीव' म्हणून वर्णिली जाते. सांधा न पाहतां वस्तूस नांव देण्याची ही संवय तोफेपासून ताम्रपटापर्यंत एकच आहे.

करवीरच्या संशोधकांस हा प्रश्न घरचा आहे. शिलाहारांचें बिरुद सुवर्णगरुडध्वज, आणि गरुड हेंच त्यांच्या मुद्रेचें चिन्ह. मारसिंहाचा शके ९८० चा मिरज ताम्रपट, गंडरादित्याचा शके १०३२ चा तळले ताम्रपट, दुसऱ्या भोजाचा शके १११३ चा कशेळी ताम्रपट हे अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. महामहोपाध्याय मिराशी यांचा शिलाहारलेखसंग्रह १९७७ मध्यें निघाल्यापासून वाचनाची सोय उत्तम झाली. परंतु वाचन छापतां येतें, सांधा छापतां येत नाहीं. तो मूळ वस्तूवरच पाहिला पाहिजे, आणि तो पाहण्याजोगा उरला पाहिजे.

खरी चिंता येथेंच आहे. बेनार्दोस यांनीं १८८१ मध्यें कोळशाच्या कांडीच्या विद्युत्ज्योतीनें धातु जोडून दाखविला. विसाव्या शतकाच्या आरंभीं ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत कारखान्यांत आली. तिची उष्णता तीन हजार अंशांवर. आज शिवाजी उद्यमनगरांत तुटलेलें लोखंड घटकाभरांत सांधून मिळतें, आणि ही विद्या उद्योगास वरदानच आहे. परंतु तुटकी कडी 'नीट करण्यासाठीं' त्याच ज्योतीखालीं धरली, तर जुनी डाक क्षणांत वाहून जाते. तांबें उष्णतेचें उत्तम वाहक असल्यामुळें ताप पत्र्यापर्यंत पोंचतो आणि शतकांची जंगाल करपते. कडी अखंड दिसूं लागते, पण तिची साक्ष कायमची बुडते. पुढील संशोधक त्या नव्या सांध्यास मूळचा समजला, तर खोट्या पत्र्यासहि खरेपण चढेल.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच आहे. तुटलेली कडी तुटलेलीच ठेवावी; तुकडे सुतानें बांधून पत्र्यांजवळ जपावे. ठसे घेण्यासाठीं अखंड कडी तोडूं नये. तोडणें अगदींच अपरिहार्य असेल, तर मुद्रेपासून दूर तोडावी व तारीख नोंदवावी. प्रत्येक प्रकाशनांत सांध्याचा रंग, कठिणपणा आणि त्यावरील जंगाल कडीवरील जंगालीशीं सलग आहे कीं नाहीं, हें लिहावें. शक्य तेथें क्ष-किरणांच्या साह्यानें धातुपरीक्षा करवावी. सांध्यांत कॅडमियम निघालें, तर तो सांधा १८१७ पूर्वींचा असूंच शकत नाहीं, कारण तो धातुच त्या सालीं प्रथम सांपडला. सराफांस तो 'केडीएम' या नांवानें परिचित आहे. एवढ्या एका परीक्षेनें जो वाद मिटेल, तो अक्षरवटिकेच्या चर्चेनें वर्षानुवर्षें मिटावयाचा नाहीं.

ताम्रपटाचें वाचन पत्र्यावर सुरू होतें, तें कडीच्या सांध्यापर्यंत पोंचल्यावांचून पुरें झालें असें मानूं नये.