उभे, आडवे आणि पाच पाने

आमच्या मिरजोळ्याच्या घरात दोन गोष्टींना मज्जाव होता : पत्त्यांना आणि शब्दकोड्यांना. पत्त्यांचे कारण साऱ्या सभ्य घरांत असे तेच. शब्दकोड्यांचे मात्र खास आमच्या घरचे होते, आणि ते मी पुढे सांगणार आहे. यंदा गणपतीला नात पुण्याहून आली ती संगणकावर एक खेळ घेऊनच. मला ओटीवर बसवून म्हणाली, "आजोबा, यात पत्तेही आहेत आणि शब्दकोडेही." मी मनात म्हटले, म्हणजे घरची दोन्ही पापे एकाच पटावर आली! विसर्जनापर्यंत मी तो खेळलो आणि आता त्याच्यावर अभिप्राय लिहायला बसलो आहे. नाटकांवर व कादंबऱ्यांवर टीका होते. मग खेळानेच काय घोडे मारले आहे?

या खेळाला पोकर स्क्वेअर्स म्हणतात. पाच उभ्या आणि पाच आडव्या ओळींचा, पंचवीस घरांचा पट. बावन्न पानांचा जोड पिसून एकेक पान उघडायचे आणि वाटेल त्या रिकाम्या घरात ठेवायचे. ठेवलेले पान पुन्हा हलवावयाचे नाही. पंचवीस पाने झाली की डाव संपला. मग दहाही ओळी पोकरच्या रीतीने मोजायच्या. जोडीला २ गुण, दोन जोड्यांना ५, तीन सारख्या पानांना १०, सीक्वेन्सला १५, पाचही पाने एकाच रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक असली तर २०, तीन सारखी आणि वर एक जोडी असली तर २५, चार सारख्यांना ५०, एकरंगी सीक्वेन्सला ७५, आणि तोच दश्शीपासून एक्क्यापर्यंत चढला तर १००.

आता जाणकार विचारतील, पोकरमधून पैसा काढला आणि थाप मारण्याची सोय काढली, तर उरले काय? उरतो तो छेद. आणि तो शब्दकोड्यातून आला आहे. आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' पत्रात पहिले कोडे छापले, तेव्हापासून त्या करमणुकीचे मर्म एकच : एक अक्षर दोन शब्दांचे देणे लागते. आपल्या मराठीत तर हा व्यवहार अधिकच कडक. आडव्या शब्दाला 'मा' हवा असेल तर उभ्यालाही कानासकट 'मा'च हवा. नुसत्या 'म'वर भागत नाही. या खेळात पानाचेही तसेच. बदामाची सत्ती तुम्ही ठेवता तेव्हा ती एका ओळीत बदाम असते आणि दुसरीत सत्ती. सासर आणि माहेर दोन्ही सांभाळणाऱ्या सुनेसारखी तिची स्थिती होते.

यातूनच खेळण्याची युक्ती निघते. चार उभे रकाने चार रंगांना वाटून द्यावे : इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. पाचवा रकाना अडगळीचा. प्रत्येक घराला जसा माळा लागतो तसा. आडव्या ओळींत सारखी पाने जमवावी. चार राण्या चार रंगांच्या असल्यामुळे त्या चार रकान्यांत आपोआप बसतात आणि एकाच आडव्या ओळीत येतात. म्हणजे उभ्याचा फायदा आडव्याच्या मुळावर येत नाही. हे मला तिसऱ्या दिवशी उमगले, आणि ओटीवर एकटाच हसलो.

पण याच ठिकाणी माझा पहिला आक्षेप आहे. पाच पाने वाटण्याचे एकंदर २५,९८,९६० प्रकार होतात. त्यांत साधा सीक्वेन्स १०,२०० वेळा येतो आणि साधा एकरंगी हात अवघा ५,१०८ वेळा. म्हणून पोकरमध्ये एकरंगी हात वरचढ. वर दिलेली गुणांची अमेरिकन पद्धत हाच क्रम जसाच्या तसा उचलते. परंतु येथे पाने वाटली जात नाहीत, आपण ती मांडतो. आणि मांडताना एकरंगी ओळ जुळवणे सोपे, सीक्वेन्स जुळवणे कठीण. इंग्रजी पद्धतीत सीक्वेन्सला १२ आणि एकरंगी ओळीला ५ गुण आहेत. माझे मत इंग्रजी पद्धतीला. गुण दैवाच्या दुर्मिळतेला न देता हाताच्या मेहनतीला द्यावेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्यासाठी आता अण्णांची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

माझे वडील १९५३-५४च्या सुमारास बक्षिसांच्या शब्दकोड्यांच्या नादी लागले. प्रवेशिकेमागे काही आणे फी. बक्षिसाचा आकडा मात्र हजारांत. आज जेथे औद्योगिक वसाहतीचे रस्ते आहेत, त्या माळावरून ते रत्नागिरीच्या पोस्टात चालत जात. एका कोड्यातली सूचना मला अजून आठवते : 'पाहुण्याला हा दिला की तो संतुष्ट होतो.' दोन अक्षरे, दुसरे 'न'. पहिल्या अक्षराला छेदच नव्हता! 'पान' की 'मान'? पाने विड्याचीही असतात, तेव्हा 'पान'ही पुष्कळांच्या तोंडी 'हा' नसले तरी अण्णांना ते विड्याच्या अर्थाने पटले. दोन रात्री विचार करून त्यांनी 'पान' लिहिले. लखोट्यातून निघाले 'मान'. त्या वर्षी आंब्यांचे आलेले पैसे बहुतेक असेच गेले. आई काही बोलली नाही. तिने फक्त अण्णांचा शब्दकोश उचलून माळ्यावर टाकला.

पुढे १९५५ साली केंद्राने बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला. महिन्याला एकूण १,००० रुपयांहून अधिक बक्षिसांच्या स्पर्धा बंद. त्याखालच्यांना परवाना आणि २,००० प्रवेशिकांची मर्यादा. १९५७ साली चमारबागवाला यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की जुगार हा घटनेने राखलेला व्यापार नव्हे. आणि ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी घातली. म्हणजे शब्दकोड्यासारखा सोज्ज्वळ खेळ जुगार होऊ शकतो, आणि पोकरसारखा बदनाम खेळ पंचवीस घरांत बसवला की सोज्ज्वळ होतो. दोष अक्षरांचा नव्हे आणि पानांचाही नव्हे. मग कशाचा?

माझी कसोटी अशी आहे : हरल्यावर आपली चूक आपल्याला सापडली पाहिजे. अण्णांना ती कधीच सापडली नाही, कारण ती नव्हतीच. संपादकाच्या लखोट्यापुढे त्यांची विद्वत्ता आणि शेजारच्या पोराचा अंदाज यांची किंमत एकच होती. तरीही ते मरेपर्यंत स्वतःला कमी अकलेचे समजत राहिले. पोकर स्क्वेअर्समध्येही दैव आहे. हवा तो गुलाम उरलेल्या सत्तावीस पानांत दडून बसतो. पण डाव संपल्यावर पंचवीस पाने समोर उघडी असतात, आणि आठव्या पानाला आपण कुठे हावरटपणा केला ते बोट ठेवून दाखवता येते.

आणि म्हणूनच नातीच्या संगणकावर माझा राग. गुण दाखवून होताच तो पट पुसून टाकतो आणि नवा डाव वाटतो! शिवाय त्यात चाल परत घेण्याची सोय आहे. म्हणजे चूक करण्याचीही किंमत नाही आणि समजण्याचीही सवड नाही. मी नातीला म्हटले, "हा खेळ चांगला आहे, पण तुझ्या यंत्राला तो कळलेला नाही." तिने वाद घातला नाही. संध्याकाळी ती रत्नागिरीहून पत्त्यांचे दोन जोड घेऊन आली.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळाची ताटे उचलली की सतरंजीवर हा डाव मांडा. जितके खेळणारे तितके जोड. एकाने आपला जोड पिसून पाने उघडत नावे पुकारावी, बाकीच्यांनी तेच पान आपापल्या जोडातून काढून आपापल्या पटावर ठेवावे. पाने साऱ्यांना सारखी, म्हणजे दैवाला नावे ठेवायला जागा नाही. आणि संपल्यावर पाने लगेच गोळा करू नका. थोडा वेळ बघत बसा.

आमच्या घरी मी आणि नात बघत बसलो होतो. माझ्या मधल्या घरात चौकटची राणी पडली होती. तिथे ती उभ्यालाही उपयोगी नव्हती आणि आडव्यालाही. नात म्हणाली, "आजोबा, ही इकडे हवी होती." खरेच होते. माळ्यावरचा तो शब्दकोश मी दुसऱ्या दिवशी खाली काढला.