भाकीत, ढग आणि गाव : आंट वू या दुय्यम पात्राचे कथनकार्य

लोककथेपासून शोकात्मिकेपर्यंत भविष्यवेत्त्याच्या पात्राकडे एक ठरावीक कार्य सोपवलेले दिसते. पुढील घटनांचे सूचन करणे आणि कथानकाला अपरिहार्यता प्राप्त करून देणे, हे ते कार्य होय. सोफोक्लीजचा टायरेसियस आणि शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधील चेटकिणी यांचे बोल खरे ठरतात आणि ते खरे ठरण्यातच नायकाचा विनाश सामावलेला असतो. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या बालमालिकेतील (निकेलोडियन, 2005-2008) आंट वू हे पात्र वरवर पाहता याच परंपरेतले आहे. परंतु तिच्या निमित्ताने भाकिताच्या सत्यासत्यतेपेक्षा वेगळा प्रश्न पुढे येतो. भाकितावर विसंबणाऱ्या समाजात कृतीची जबाबदारी कोणाकडे उरते, हा तो प्रश्न होय.

मायकेल दांते डिमार्टिनो व ब्रायन कोनिएत्झ्को यांनी निर्मिलेल्या या मालिकेचे विश्व आशियाई संस्कृतींच्या आधारे उभे आहे. त्यात वायू, जल, पृथ्वी व अग्नी या तत्त्वांवर प्रभुत्व असणारे ‘बेंडर’ आहेत. 23 सप्टेंबर 2005 रोजी प्रसारित झालेल्या ‘द फॉर्च्युनटेलर’ या भागात वायुविद्या जाणणारा आंग, जलविद्या शिकणारी कटारा आणि तिचा संशयवादी भाऊ सोका हे ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेल्या माकापू गावात येतात. गाव आंट वूच्या शब्दावर चालते. ती तळहात वाचते आणि अग्नीत टाकलेल्या हाडांच्या तड्यांवरून भविष्य सांगते. ही दुसरी पद्धत प्राचीन चीनमधील शांगकालीन अस्थिप्रश्नांची आठवण करून देते. गावाचे वर्षफल मात्र ती ढगांच्या आकारांवरून सांगते.

सोकाचा प्रतिवाद तर्कशुद्ध आहे. लाल जोडे घातलेले असताना प्रेयसी भेटेल, असे भाकीत ऐकलेला गावकरी तेव्हापासून रोज लाल जोडेच घालतो. मग ते खरे ठरण्यात नवल कोणते, हा सोकाचा प्रश्न आहे. रॉबर्ट मर्टन यांनी 1948 मध्ये मांडलेल्या स्वयंपूर्त भाकिताच्या संकल्पनेचे हे बालसुलभ रूप मानता येईल. तरीही मर्टन यांचे विवेचन इथे पुरेसे ठरत नाही. स्वयंपूर्त भाकीत माणसाला कृतीस प्रवृत्त करते. माकापूत भाकिताने कृती थांबवली आहे. पूर्वी गावकरी दरवर्षी डोंगर चढून ज्वालामुखीची पाहणी करत. आंट वू वीस वर्षांपूर्वी गावात आली आणि तेव्हापासून पाहणी न करणे हीच परंपरा झाली. विनोदाच्या अंगाने आलेला हा तपशील या भागाचा गाभा आहे. श्रद्धेने इथे निरीक्षणाची जागा घेतली आहे.

मराठी परंपरेशी केलेली तुलना हा मुद्दा अधिक स्पष्ट करते. सहदेव-भाडळीच्या नावाने रूढ असलेली पर्जन्यवचनेही आकाश, वारा व नक्षत्रे यांवरून भाकीत करतात. मात्र ही वचने शेतकऱ्याच्या तोंडी असतात आणि ती पडताळण्यासाठी त्याला स्वतः आभाळाकडे पाहावे लागते. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणाऱ्या घटमांडणीतही भाकीत सामूहिक आणि वार्षिक असते; परंतु घटाभोवती मांडलेली धान्ये आणि त्यांच्यात झालेले बदल जमलेल्यांना दिसू शकतात. माकापूत ढग सर्वांना दिसतात. त्यांचा अर्थ मात्र एकाच व्यक्तीच्या ग्रंथात बंद आहे. भाकिताचे अस्तित्व घातक नाही. त्याच्या अर्थनिर्णयाची मक्तेदारी घातक आहे.

म्हणूनच उत्कर्षबिंदू महत्त्वाचा ठरतो. ज्वालामुखी उफाळणार हे डोळ्यांनी पाहून आलेल्या मुलांवर गाव विश्वास ठेवत नाही, कारण वर्षफल शुभ आहे. तेव्हा आंग आणि कटारा ग्रंथ चोरून ढगांना विनाशचिन्हाचा आकार देतात. सत्य सांगून जे घडले नाही, ते चिन्हाच्या बनावटीने घडते. गावकरी चर खणतात आणि लाव्हा अडवण्याचे उरलेले काम आंग वायुविद्येने पूर्ण करतो. गाव वाचते, मात्र सोकाचा तर्क पराभूत होतो. गाव नष्ट होणार नाही असे आंट वूने सांगितलेच होते, असे म्हणून गावकरी तिच्यावरील श्रद्धा अधिक दृढ करतात. विवेकाला विजयासाठी अंधश्रद्धेची भाषा उसनी घ्यावी लागली, हा या हास्यकथेतील कडवट अंश आहे.

आंट वू स्वतः ढोंगी नाही, ही पात्ररेखेची खरी ताकद. आंगच्या अस्थिप्रश्नात तिला महायुद्ध दिसते, प्रेमाविषयी काहीच दिसत नाही. पण मुलाचा उतरलेला चेहरा पाहून हृदयावर विश्वास ठेवण्याचा दिलासा ती रचून देते. 2008 मधील अंतिम भागात आंग व कटारा एकत्र येतात, म्हणजे रचलेले वाक्यही खरे ठरते. बनावट कळल्यावर ती रागावत नाही. ढग बदलता आले तशी नियतीही घडवता येते, असे ती आंगला सांगते.

ही उक्ती मुक्तिदायी आहे. तथापि तिच्यात एक अंतर्विरोध राहून जातो. नियतीपासूनच्या स्वातंत्र्याची ग्वाही नियतीची अधिकृत वाचकच देते, आणि तीही ज्याच्या अंगी ढग वळवण्याचे सामर्थ्य आहे अशा एकट्या आंगला. चर खणणाऱ्या गावकऱ्यांपर्यंत ती पोहोचत नाही. पुढच्या वर्षी माकापूतून कोणी डोंगर चढून जाईल काय, याविषयी संहिता मौन पाळते. टायरेसियसच्या परंपरेत भाकितापासून पळणारा नायक उद्ध्वस्त होतो. इथे नायक भाकितातून सुटतो आणि गाव त्यातच राहते. बालसाहित्याने आश्वासक शेवटाच्या आत सांभाळून ठेवलेले हे अस्वस्थपण आंट वूला दुय्यम पात्रांच्या नेहमीच्या चौकटीबाहेर नेते.