कवटीची क्ष-किरण प्रतिमा आणि शिरांचे सायनस : एका अभ्यासपद्धतीची चिकित्सा

‘सायनस’ म्हटले की सामान्य वाचकास नाकाभोवतालच्या हवेच्या पोकळ्या आठवतात. येथे अभिप्रेत आहेत ते ड्युरा मेटर या मेंदूच्या बाह्य आवरणाच्या थरांमधून अशुद्ध रक्त वाहून नेणारे मार्ग. कवटीच्या क्ष-किरण चित्रणाची परंपरा जुनी आहे. व्हिएन्नाच्या आर्थर शूलर यांनी १९०५ मध्येच कवटीच्या तळाच्या चित्रणावर ग्रंथ सिद्ध केला. तथापि या प्रतिमांवरून सायनसांच्या रचनेविषयी किती बोलता येते, याचा विचार करणे आवश्यक वाटते.

रक्त आणि भोवतालचे मृदू ऊतक क्ष-किरणांना जवळजवळ सारखाच अडथळा करतात. त्यामुळे साध्या प्रतिमेत सायनस दिसत नाही. दिसते ती त्याने हाडाच्या आतील पृष्ठावर पाडलेली खाच. ट्रान्सव्हर्स सायनसची खाच बरीच ठळक असते, सुपीरियर सॅजायटल सायनसची उथळ. स्ट्रेट सायनस मात्र आवरणाच्याच घड्यांच्या सांध्यातून जातो, हाडाला लागून धावत नाही. साहजिकच त्याचा मागमूसही उमटत नाही. म्हणजे काय दिसावे याची निवड येथे हाडच करते. शिवाय बाजूने घेतलेल्या प्रतिमेत उजवी व डावी खाच एकमेकींवर पडते. बहुधा उजवा ट्रान्सव्हर्स सायनस मोठा असतो, हे पाठ्यपुस्तकी सत्यदेखील केवळ अशा प्रतिमेवरून पडताळता येणार नाही. अशा स्थितीत खाचेची रुंदी मोजून तीच सायनसची रुंदी मानणे सयुक्तिक ठरत नाही. इगाश मोनिझ यांनी १९२७ मध्ये क्ष-किरण अडवणारे द्रव्य रक्तवाहिनीत सोडून चित्रण केले, ते याच अडचणीपोटी.

मानवशास्त्राची अडचण याहून बिकट आहे. जीवाश्मात रक्त नाही, आवरण नाही. खाच एवढाच पुरावा. डीन फॉक व ग्लेन कॉन्रॉय यांनी १९८३ मध्ये ‘ऑस्ट्रॅलोपिथेकस अफारेन्सिस’च्या शिरासंस्थेविषयी मांडणी केली, तिचा आधार हाडावरील अशाच खुणा होत्या. पुढे फॉक यांनी त्यांचा संबंध ताठ चालीशी आणि मेंदूच्या शीतनाशी जोडला. कल्पना आकर्षक आहे. परंतु आधुनिक मानवातही या मार्गांत इतकी व्यक्तिगत भिन्नता आढळते, की मोजक्या कवट्यांवर एवढा डोलारा उभारणे प्रस्तुत लेखकास धाडसाचे वाटते.

अध्यापनात मात्र ही पद्धत टाकाऊ नाही. कोरड्या कवटीच्या खाचेत शिशाची बारीक तार बसवून एक प्रतिमा घ्यावी व तारेविना दुसरी. दोन्ही शेजारी ठेवल्या, की कोणती रेषा खाचेची आणि कोणती हाडाच्या सांध्याची, हे विद्यार्थ्यास स्वतः ताडून पाहता येते.