वर्ड्‌स्वर्थचें लंडन

सरोवरप्रांतांत वाढलेल्या वर्ड्‌स्वर्थला लंडनची गोडी लागली, याचा पुरावा म्हणून वेस्टमिन्स्टरच्या पुलावरील त्याच्या १८०२ च्या सुनीताकडे बोट दाखविण्याची आमच्या वर्गांतून रूढी आहे. मला ती मान्य नाहीं. त्या सुनीतांतील नगरी पहांटे निजलेली आहे. धूर नाहीं, वर्दळ नाहीं. डोंगराकडे पहावें तसा कवि तिच्याकडे पाहतो. चार्ल्स लँबनें १८०१ च्या पत्रांत स्ट्रँडवरील गजबजाटाची जी महती त्यास ऐकविली, तिला हें उत्तर नव्हे. उत्तर शोधावें तें ‘प्रिल्यूड’च्या सातव्या सर्गांत. तेथें आपली कहाणी लिहिलेला कागद छातीवर लावून उभ्या असलेल्या आंधळ्या भिकाऱ्यापुढें तो स्तब्ध होतो. आणि बार्थोलोम्यूच्या जत्रेंत नाक मुरडीत मुरडीत बाहुल्या, माकडें, विद्वान् डुक्कर, सारें मोजीत सुटतो. न आवडलेल्या जत्रेची इतकी बारीक नोंद कोण ठेवतो?