सोडलेले ऋण

आमचे किराणा दुकान गंगाखेडला होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिथे वह्यांची पूजा होई. लाल कापडी पुठ्ठ्याची नवी वही पाटावर मांडायची, पहिल्या पानावर कुंकवाने ‘श्री’ काढायची, आणि मग जुन्या वहीतली येणी एकेक करून नव्या वहीत ओढायची. वर्ष नवे झाले तरी बाकी जुनीच राही. त्यामुळे पुढे एका रेल्वेतल्या मित्राने दिलेला मराठी ‘नवा करार’ वाचताना येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत ‘ऋण’ हा शब्द भेटला, तेव्हा मी दचकलो. मत्तयाच्या पाठात तिथे पापाला ऋण म्हटले आहे, आणि क्षमेला ऋण सोडणे. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही सारी फेडायची ऋणे. इथे मात्र फेडता न येणाऱ्या ऋणाची गोष्ट होती.

ती गोष्ट मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. भावाला किती वेळा क्षमा करावी, असे पेत्र विचारतो. सात वेळा? सातांच्या सत्तर वेळा, असे येशू सांगतो आणि एक दाखला देतो. एका राजाचा चाकर दहा हजार तालांतांचा देणेकरी असतो. तो पाया पडतो, राजा सारे कर्ज सोडतो. बाहेर येताच त्याला स्वतःचा शंभर दिनारांचा देणेकरी भेटतो. हा त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. एक दिनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे एका बाजूला शंभर दिवसांची मजुरी आणि दुसऱ्या बाजूला सहा कोटी दिवसांची! दुकानदाराच्या मुलाला ही विनोदी अतिशयोक्ती चटकन उमगते. इतके कर्ज कोणाच्याही वहीत मावणार नाही.

कथेच्या शेवटावर मात्र माझा अनेक वर्षे राग होता. राजा दिलेली क्षमा परत घेतो आणि चाकराला छळणाऱ्यांच्या हाती देतो. परत घेता येते ती कसली क्षमा? पुढे पुन्हा वाचताना एक बारकावा ध्यानात आला. चाकराने क्षमा मागितलीच नव्हती. त्याने मुदत मागितली होती: थोडे थांबा, सारे फेडतो. राजाने सूट दिली, पण चाकर मात्र मुदत मिळाल्यासारखाच बाहेर पडला. त्याच्या मनातली वही मिटलीच नाही. म्हणून दुसरा देणेकरी जवळजवळ त्याच्याच शब्दांत विनवतो, तरी आपलेच शब्द त्याला ओळखू येत नाहीत. कथाकाराचे खरे सामर्थ्य या एका पुनरुक्तीत आहे.

आता माझे खाते. दहा-अकरा वर्षांचा असताना, दिवाळीच्या तोंडावर, दुकानातल्या उघड्या गल्ल्यातली पाच रुपयांची नोट मी उचलली. आळ आमच्या गड्यावर आला. वडील त्याला नको ते बोलले, आणि तो काम सोडून गेला. मी गप्प राहिलो.

ख्रिस्ती विचारात मोह म्हणजे पाप नव्हे. खुद्द येशूला अरण्यात मोह पडला. मोह घालणारा तर शास्त्रवचन तोंडात घेऊनच आला होता. ‘परीक्षा’ आणि ‘मोह’ या दोहोंना मूळ ग्रीकमध्ये एकच शब्द आहे. गल्ला उघडा होता, ही परीक्षा. मूठ मिटली, हे पाप. पण त्याहून मोठे पाप माझ्या मिटलेल्या तोंडाचे होते.

पुढे खाऊचे पैसे साठवून मी ती रक्कम गुपचूप गल्ल्यात टाकली. हिशेब जुळला, मन जुळले नाही. यहूदानेही तीस रुपये परत नेऊन टाकले होतेच. पश्चात्ताप त्यालाही झाला. पण आपला निकाल त्याने आपणच लावला. गुरूला तीनदा नाकारणारा पेत्र रडला आणि पुन्हा माणसांत आला. अपराधाची जाणीव दोघांनाही होती. एकाला तिने एकटे पाडले, दुसऱ्याला परत आणले.

आमच्या गंगाखेडच्या जनाबाईवरही चोरीचा आळ आला होता. विठ्ठलाचे पदक तिच्याकडे सापडले. तिला सुळावर द्यायला नेले, तर सुळाचे पाणी झाले, अशी कथा आहे. ती ऐकताना मी लहानपणी मान खाली घालीत असे. आमच्या गड्यासाठी कुठलाच सूळ विरघळला नव्हता.

देवाने क्षमा केली की प्रश्न मिटला, अशी स्वस्त समजूत या धर्माविषयी पुष्कळांची असते. ग्रंथ तसे सांगत नाही. भावाचे तुझ्याविरुद्ध काही असेल, तर अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, असे डोंगरावरच्या प्रवचनात आहे. जक्कय हा जकातदार, लुबाडले असेल तर चौपट परत देण्याचे बोलतो. देवाकडे जाणारी वाट धनकोच्या अंगणातून जाते.

मराठीत या क्षमेचे मला सर्वांत खरे वाटणारे रूप लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त दिसते. 1895 साली ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंचा संसार क्षणात उद्ध्वस्त झाला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण त्या क्षमेवर व्याख्यान देत नाहीत. नवऱ्याच्या लहरींवर हसतात, स्वतःवर त्याहून अधिक हसतात. 1919 साली टिळक गेले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्याने घर मोडले त्याचीच राहिलेली ओळ लिहून काढायची, याहून क्षमेची वेगळी व्याख्या मला माहीत नाही.

पुष्कळ वर्षांनी मी त्या गड्याचे घर शोधीत गेलो. सारे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “पैशाचं काय ध्यानात न्हाई, भाऊ. पर त्या दिवाळीला बाईंनी फराळाचं दिलं न्हाई. लेकरं वाट बघत होती.”

मी सहा दशकांचा हिशेब पाच रुपयांनी मांडून ठेवला होता. त्याच्या वहीत ती रक्कमच नव्हती. तिथे एक रिकामे ताट होते, आणि त्याची फेड माझ्यापाशी नव्हती.

क्षमा केली, असे काही तो म्हणाला नाही. सुनेला हाक मारून त्याने चहा ठेवायला सांगितला, आणि बाजेवर सरकून मला जागा करून दिली.