मोबाइलवर शिकवायचं कसं, हे शिकायचं कुठं?

विषय जरा आडवळणाचा आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो की आज काय बोलणार नाही. ‘मुलांच्या हातात मोबाइल द्यावा की देऊ नये’ या वादात मी शिरणार नाही. तो वाद घराघरांत रोज चालू आहे, त्यात माझी भर कशाला? माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. समजा, गगनबावड्याच्या किंवा शाहूवाडीच्या एखाद्या वाडीवर जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा आहे. तिथल्या बाईंना मनापासून वाटतं की मोबाइलचा अभ्यासासाठी नीट उपयोग करावा. तो कसा करायचा हे त्यांनी शिकायचं कुठं? ऑनलाइन साधनं तर ढिगानं आहेत. त्या ढिगाची आज आपण झडती घेऊ.

ढिगाचे ढोबळ तीन भाग पडतात. पहिला इंग्रजीतला, अभ्यासकांचा. दुसरा सरकारी. आणि तिसरा आपल्या शिक्षकांनीच यूट्यूबवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर उभा केलेला.

पहिल्यापासून सुरू करू. कॅनडातल्या अथाबास्का विद्यापीठानं २००९ साली मोहम्मद अ‍ॅली यांनी संपादित केलेलं मोबाइल लर्निंगवरचं एक पुस्तक काढलं आणि ते सगळ्यांना फुकट उतरवून घ्यायला खुलं ठेवलं. या विषयातलं ते महत्त्वाचं पुस्तक आहे, वाचावं असंच आहे. पण त्याच्या नावातला एक शब्द बघा : ‘डिलिव्हरी’. म्हणजे शिक्षण ही पोचवायची वस्तू. माल तयार आहे, फक्त गाडी बदलली. आधी पोस्टानं जायचा, मग रेडिओवरून, आता मोबाइलवरून. खरं तर याच क्षेत्रातले माइक शार्पल्स आणि त्यांचे सहकारी २००७ च्या सुमारास नेमकं उलट मांडत होते. त्यांचं म्हणणं असं की मोबाइल लर्निंगमध्ये फिरतं असतं ते यंत्र नव्हे, शिकणारा माणूस. तो घरातून शेतात जातो, शेतातून शाळेत, तिथून बाजारात. या सगळ्या ठिकाणी त्याचं शिकणं जोडलेलं कसं राहील, हा खरा प्रश्न. हा विचार लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग युनेस्को. २०१३ साली त्यांनी मोबाइल लर्निंगविषयी धोरणकर्त्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शिक्षकांना प्रशिक्षण द्या, स्थानिक भाषेत आशय तयार करा, मुलींना समान संधी मिळेल असं बघा, आणि सरसकट बंदी घालू नका, असा एकूण सूर. सूचना चांगल्या आहेत. पण याच युनेस्कोनं दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, जो जागतिक शिक्षण अहवाल काढला त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता : हे साधन नक्की कुणाच्या अटींवर? जगातल्या चार देशांपैकी जेमतेम एका देशानं शाळेत स्मार्टफोनला बंदी घातल्याची नोंद त्यात होती, आणि तंत्रज्ञानाच्या फायद्याचा खात्रीलायक पुरावा फार थोडा आहे, हेही स्पष्ट सांगितलं होतं. दहा वर्षांत सूर बदलला. यात वाईट काही नाही, अनुभवानं माणूस शहाणा होतो, संस्थाही होतात. अडचण अशी की आपल्याकडच्या नोट्समध्ये आणि भाषांतरित परिच्छेदांमध्ये बहुतेक वेळा पहिलाच सूर उतरतो. फायद्यांची यादी उतरते, शंका तिकडेच राहतात. बी.एड.ची मुलगी ‘मोबाइल लर्निंगचे फायदे लिहा’ याचं उत्तर पाठ करते. तोटे विचारले तर ‘डोळ्यांवर ताण’ असं लिहून मोकळी होते. याला समज म्हणत नाहीत.

आता दुसरा भाग, सरकारी. ‘दीक्षा’ हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षकदिनी सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याशेजारी जो चौकोनी क्यूआर कोड दिसतो, तो मोबाइलनं टिपला की दीक्षावरचा आशय उघडतो. ही कल्पना मला आवडते, आणि त्यात महाराष्ट्राला अभिमान वाटावा असंही काही आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या कामामुळं गाजला. पण ती गोष्ट आपण ऐकली कशी? ‘कोड’ची गोष्ट म्हणून ऐकली. त्या कोडच्या मागं आपल्या वर्गातल्या पोरांना काय कळत नाही हे ओळखणारा आणि त्यासाठी स्वतः साहित्य करणारा एक शिक्षक होता. तंत्र सगळीकडं पोचलं. ती ओळखण्याची रीत मात्र पोचवायची राहून गेली.

शिक्षकांचं प्रशिक्षणही आता दीक्षावरच होतं. ‘निष्ठा’चे ऑनलाइन अभ्यासक्रम २०२० पासून तिथं आले. चित्रफीत बघा, मजकूर वाचा, शेवटी प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र घ्या. घरबसल्या लाखो शिक्षकांपर्यंत एकाच वेळी पोचता येतं, ही लहान गोष्ट नाही. पण माझा आक्षेप ऐका. मोबाइलवरून कसं शिकवावं हे शिकवणारा अभ्यासक्रमच जर ‘बघा, टिचकी मारा, पुढं चला’ अशा धाटणीचा असेल, तर शिक्षक त्यातून काय उचलणार? धाटणीच उचलणार! उद्या वर्गाच्या गटावर तो चित्रफितीचा दुवा टाकेल, खाली पाच प्रश्न टाकेल आणि म्हणेल, झालं मोबाइल लर्निंग. यात दोष शिक्षकाचा नाही. शिकवण्याची पद्धत हाच मोठा धडा असतो.

एक साधी गोष्ट सांगतो. दीक्षाच्या ॲपमध्ये आशय आधी उतरवून ठेवता येतो आणि नंतर नेट नसताना बघता येतो. ज्या वाडीवर रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं, तिथं ही सगळ्यात कामाची सोय. पण ‘आठवड्याच्या बाजारादिवशी तालुक्याला गेलात की तिथं पुढच्या आठवड्याचे धडे उतरवून घ्या’ असं सांगणारा पाठ कितीसा दिसतो? साधन आहे, पण साधनाभोवतीचं शहाणपण नाही. आणि ते शहाणपण वरून येत नसतं, त्या वाडीवरच तयार होतं.

तिसरा भाग आपल्या लोकांचा. यूट्यूबवर मराठीत शिक्षकांनी केलेल्या चित्रफितींना तोड नाही. ‘प्रश्नपत्रिका मोबाइलवर कशी करावी’, ‘पीडीएफ कशी जोडावी’, ‘स्वतःचं ॲप कसं बनवावं’. भाषा आपली, अडचणी आपल्या. इंग्रजी पुस्तकाला जे शंभर पानांत जमत नाही ते सात मिनिटांत जमतं. मग उणं काय? ‘कसं’ आहे, ‘का’ नाही. हे ॲप वापरलं तर मुलाला काय जास्त कळलं? कुणाला कळलं, कुणाला नाही? हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. शिवाय ॲप बंद पडतं, त्याचा चेहरा बदलतो, फुकटचं विकत होतं, आणि सात मिनिटांची मेहनत पाण्यात जाते.

मंडळी, आपण स्वतः केलेला सगळ्यात मोठा प्रयोग आठवा. २०२० साली शाळा बंद झाल्या. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत रोजची अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून धाडली. पुढं ‘स्वाध्याय’ आलं, म्हणजे व्हॉट्सॲपवरच बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे. आणि सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागली, पहिली ते आठवीसाठी, घरातल्या घरात करता येतील अशा कृतींची मालिका. तिन्हींची जात वेगळी बघा. अभ्यासमाला दुवे पोचवत होती, स्वाध्याय उत्तरं तपासत होतं, आणि टिलीमिली मुलाला जागेवरून उठवून काहीतरी करायला लावत होती, तेही मोबाइलशिवाय! माझ्या मते शार्पल्स म्हणतात ते शिकणं तिसऱ्याच्या सगळ्यात जवळ होतं. आज शोधायला बसलं तर भाग सापडतात, दुवे सापडतात. पण कुठं जमलं, कुठं फसलं, कुठल्या मुलापर्यंत काहीच गेलं नाही, हे मराठीत सांगणारं लेखन शिक्षकाच्या हाती सहज लागत नाही. मोबाइल लर्निंगचं पाठ्यपुस्तक लिहावं इतका अनुभव या राज्याच्या गाठीशी आहे, आणि आपण व्याख्या मात्र बाहेरून आणतोय.

आता कसोटी लावू. आपल्या जिल्ह्यात कारखान्याचं धुराडं पेटलं की बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना हिशेबात ‘कोयता’ म्हणतात, त्यांच्यासोबत त्यांची पोरं येतात. दिवाळीच्या आसपास शाळा सुटते ती उन्हाळ्यापर्यंत. शिरोळ, हातकणंगले, कागलच्या फडांकडेच्या खोप्यांत ही पोरं राहतात. शिकणारा फिरता असतो, असं म्हणताना या पोरांहून फिरता शिकणारा कोण? आणि बघा, सोय किती आहे! बीडच्या मुलाच्या हातातलं बालभारतीचं पुस्तक आणि शिरोळच्या मुलाचं पुस्तक एकच. त्यातला कोडही एकच. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची योजनाही आहे. म्हणजे कागदावर सगळे धागे आहेत.

पण खोपीत मोबाइल असतो एक, आणि तो बापाच्या खिशात. मुकादमाचा फोन त्याच्यावर येतो, गाडी कधी लागणार हे त्याच्यावर कळतं. तो पहाटे फडात जातो आणि अंधारात परत येतो. चार्जिंग कुठं करायचं हाच प्रश्न. थोरल्या पोरीला धाकटं सांभाळायचं असतं. मग मोबाइल लर्निंग त्या पोरीसाठी नेमकं कधी घडणार? रात्री साडेआठला, अर्धा तास, बाप जेवत असताना. त्या अर्ध्या तासासाठी काय करून ठेवायचं, हे मला कुठल्याही भाषेतल्या साधनानं शिकवावं. तेवढं जमलं तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन.

हे एका खोपीपुरतं नाही. ‘असर’चा २०२३ चा अहवाल २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांवर होता. जवळजवळ नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. हा आकडा ऐकून आपण टाळ्या वाजवतो. पण फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. निम्म्याहून कमी! ‘घरात फोन आहे’ आणि ‘मुलीच्या हातात फोन आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. प्रशिक्षणाच्या ज्या साहित्यात या दोन वाक्यांतला फरक दिसत नाही, ते साहित्य अपुरं आहे, मग ते दिल्लीतून आलेलं असो की पॅरिसहून.

आपण कोल्हापुरात बसलोय, म्हणून एक आठवण करून देतो. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा ते मोफतही केलं. नुसती सक्ती केली असती तर तो गरिबावर भार झाला असता. मोबाइल लर्निंगच्या बाबतीत आपण नकळत उलटं केलंय. अपेक्षा शाळेची, फोन बापाचा, डेटा पॅक बापाचा, वेळ आईचा. ही बाजू कुठल्या ऑनलाइन अभ्यासक्रमात शिकवतात? खर्च कुणी सोसायचा हा प्रश्न आर्थिक वाटतो, पण तोच शिकवण्याचाही प्रश्न आहे. कारण त्याच्या उत्तरावर ठरतं की आपण चित्रफीत धाडायची, की आवाजाची छोटी ध्वनिफीत, की नुसता एक साधा फोन करून मुलाशी पाच मिनिटं बोलायचं.

शेवटाकडं येतो. इथं शिक्षक बरेच दिसतायत, आणि पुढं हे रेकॉर्डिंग ऐकणारेही असतील. मोबाइल लर्निंगविषयी काहीही वाचाल, बघाल, कुठलाही कोर्स कराल, तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारा. एक, यात मूल काही करतंय, की नुसतं बघतंय? दोन, फोन कुणाच्या हातात, किती वेळ आणि कुणाच्या पैशानं, याचा विचार यात आहे का? तीन, हे कुठं फसलं ते यात सांगितलंय का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्या साधनात एकही अपयश नाही ते साधन नव्हे, जाहिरात आहे.

आणि एक मागणं. पुढच्या हंगामात फडावरच्या एखाद्या मुलासाठी तुम्ही काही करून बघितलंत, तर दोन पानं लिहा. मराठीत लिहा. काय केलं, किती दिवस चाललं, कधी बंद पडलं, मूल काय म्हणालं. मुलाचं नाव लिहू नका, फोटो टाकू नका, पण अनुभव लिहा. गगनबावड्याच्या त्या बाईंना उद्या शोधताना अशी दोन पानं सापडली, तर व्याख्यांच्या ढिगापेक्षा त्यांना त्यांचाच जास्त उपयोग होईल.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.