निक होआकीन यांचे नाटक आणि फिलिपिनो संमिश्र वारशाचा प्रश्न

प्रस्तावना :
फिलिपिनो संस्कृतीचा उल्लेख 'संमिश्र वारसा' या शब्दांत सर्रास केला जातो. ऑस्ट्रोनेशियन पाया, चिनी व्यापाराचा संपर्क, १५६५ पासूनची स्पॅनिश सत्ता आणि १८९८ नंतरचा अमेरिकी अंमल, अशी थरांची यादी दिली की विषय संपला असे मानले जाते. हा वारसा कोणाच्या वाट्याला आला आणि त्याचे ओझे कोणी वाहिले, हे प्रश्न मात्र यादीबाहेर राहतात. निक होआकीन (१९१७-२००४) यांच्या 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज फिलिपिनो' या १९५० साली लिहिलेल्या नाटकाचा विचार या दृष्टीने करणे आवश्यक ठरते.

नाटकाचे आशयसूत्र :
नाटक ऑक्टोबर १९४१ मधील मनिलाच्या इन्ट्रामुरोस या तटबंदीच्या भागात घडते. वृद्ध चित्रकार डॉन लोरेन्झो यांनी आपले अखेरचे चित्र कांदिदा आणि पाउला या अविवाहित मुलींना दिले आहे. जळत्या ट्रॉयमधून पित्याला खांद्यावर घेऊन निघालेला इनिअस त्यात दिसतो. परंतु पिता आणि पुत्र या दोघांनाही चेहरा डॉन लोरेन्झोंचाच आहे. घरात दारिद्र्य असूनही बहिणी चित्र विकत नाहीत. शेवटी पाउला ते नष्ट करते. वारसा ही विक्रीची वस्तू नाही आणि तो वाहणाऱ्याला सुखही देत नाही, हे नाट्यसूत्र येथे स्पष्ट होते. १९४५ च्या युद्धात इन्ट्रामुरोस उद्ध्वस्त झाले. त्यामुळे बितोय या निवेदकाची स्मृती हाच त्या घराचा शेवटचा आसरा उरतो. स्पॅनिश संस्कारातील या घराची शोकांतिका इंग्रजीत लिहिली जावी, यातच संमिश्रतेचा अंतर्विरोध सामावलेला आहे.

भूमिका आणि मर्यादा :
'कल्चर अँड हिस्टरी' (१९८८) या निबंधसंग्रहात होआकीन यांनी चाक, नांगर, छपाई यांसारख्या साधनांतून 'फिलिपिनो' ही ओळख घडली, असे प्रतिपादन केले. वसाहतपूर्व शुद्धतेच्या कल्पनेला त्यांनी दिलेले हे उत्तर महत्त्वाचे आहे. तथापि रेनातो कॉन्स्टांटिनो यांनी १९६६ मध्ये अमेरिकी शिक्षणावर केलेली टीका सत्तेच्या प्रश्नाकडे लक्ष वेधते. साधन येते तेव्हा त्याच्यासोबत मालकही येतो, हे होआकीन यांच्या मांडणीत दुय्यम ठरते.

शिवाय स्पॅनिशपूर्व काळ हा कोरा नव्हता. १९८९ साली लागुना प्रांतात मिळालेल्या ताम्रपटावर शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी अशी तिथी आहे. मराठी वाचकास परिचित असलेली ही कालगणना तेथे एका कर्जमुक्तीच्या दस्तऐवजात वापरली गेली. आजच्या तागालोग भाषेतील 'गुरो', 'मुखा', 'दुखा' हे शब्दही त्याच दीर्घ संपर्काची साक्ष देतात. म्हणजे संमिश्रता स्पॅनिशांपासून सुरू झाली नाही. तसेच मिंदानाओचे मुस्लिम समाज आणि कॉर्डिलेराचे आदिवासी समाज या सुशिक्षित मनिलावासी घराच्या चौकटीत बसत नाहीत. १९८७ च्या संविधानाने स्पॅनिश आणि अरबी या दोन्ही भाषांच्या ऐच्छिक संवर्धनाची तरतूद करून ही चौकट काही अंशी विस्तारली.

निष्कर्ष :
होआकीन यांचे निबंध वारशाचा हिशेब जमेच्या बाजूने मांडतात. त्यांचे नाटक मात्र तोच हिशेब तुटीसह दाखवते. चिंतकापेक्षा नाटककार अधिक प्रामाणिक ठरतो. संमिश्र वारशाचा अभ्यास केवळ समन्वयाचा गौरव न राहता, कोण कोणाला खांद्यावर घेऊन चालले आणि कोण मागे राहिले, याचा शोध व्हावा, ही दिशा या नाटकातून मिळते.